शाळेच्या झाडाच्या बारा फळ्या

नवं मशीन अंगणात आलं त्या दिवसापासून आबा त्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुऊ लागले. उभा जन्म लाकडाच्या भुशात गेलेला माणूस. जेवायला बसतानाही हातांना पाणी नुसतं दाखवून यायचे. सासूबाईंनी दोन दिवस हे कौतुक मुकाट्याने पाहिलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्या म्हणाल्याच, "माझ्या हातचा चहा घ्यायला कधी एवढे हात धुतले नाहीत हो."

"तुझ्या चहाला असला रंग आहे का?" आबा म्हणाले आणि मशीनच्या नारिंगी अंगावरून फडकं फिरवत राहिले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सून हे ऐकत होती. तिला हसू आलं आणि पाठोपाठ काळजीही वाटली. कारण हे मशीन आणायचा हट्ट तिचा होता. चांगलं निघालं तर मशीन चांगलं आणि वाईट निघालं तर सुनेने आणलेलं, एवढं तिला कोणी न सांगता कळत होतं.

या घराचा धंदा असा, की झाड जिथे पडेल तिथे जायचं आणि जागेवरच त्याच्या फळ्या पाडून द्यायच्या. ओंडका गिरणीकडे आणायचा नाही, गिरणीच ओंडक्याकडे न्यायची. जुनी गिरणी त्यासाठी सुटी करून टेंपोत भरावी लागे. जागेवर गेल्यावर ती जोडण्यात अर्धा दिवस जाई, आणि एकदा जोडली की तिचं परातीएवढं गोल पातं असं किंचाळे की बाप-लेक संध्याकाळपर्यंत खुणांनीच बोलत. नवी गिरणी म्हणजे दोन चाकांवरची लांबलचक गाडी. जीपमागे अडकवायची आणि निघायचं. तिच्यावर दोन रूळ, रुळांवर पुढे-मागे सरकणारं डोकं, आणि त्या डोक्यात दोन चाकांवर ताणून बसवलेला पोलादी पट्टा, दोन बोटं रुंद आणि जाडीला पुठ्ठ्याएवढा. ओंडका जागचा हलत नाही. पट्टाच त्याच्यातून सरकत जातो.

हट्टाला कारण घडलं होतं. वर्षापूर्वी एका दुपारी सव्वा वर्षाच्या लेकीने उंबऱ्यातून "बाबा" म्हणून हाक मारली, आणि अंगणात जुन्या गिरणीवर वाकलेल्या सुनेच्या नवऱ्याने फिरत्या पात्यावरूनच मान वळवून मागे पाहिलं. झालं काहीच नाही. तो हसला, पोरगी हसली. पण हिच्या डोळ्यांसमोरून ती वळलेली मान जाईना. ते जुनं पातं बटण बंद केल्यावरही दोन मिनिटं फिरत राहायचं, आणि तसल्याच दोन मिनिटांत आबांच्या डाव्या करंगळीचं टोक गेलं होतं. आबा ते गंमत म्हणून सांगत. "एक पेर त्याला दिलं, बाकीची नऊ बोटं सोडवून घेतली." हिला त्यात गंमत दिसत नसे.

मग ती मागेच लागली. कॉलेजात गणित घेऊन शिकलेली. एक वही केली आणि तिच्यात वेगवेगळ्या मशिनींचं सगळं उतरवून काढलं. कोणाचा पट्टा हात सोडला की किती सेकंदांत थांबतो, कोणावर झाकण आहे, कोण किती लाकूड खातं. ज्यांच्याकडे तसलं मशीन होतं अशा अनोळखी माणसांना फोन करकरून भंडावून सोडलं. नवरा म्हणाला, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली असतीस तर?"

"केली होती. म्हणून तर या वेळी जास्त काळजी घेतेय."

आबांना पटवणं मात्र सोपं नव्हतं. धंद्यात त्यांना सगळे 'दोनसूत' म्हणत. इंचाचे आठ सूत. आणि जुन्या गिरणीचं जाडजूड पातं एका कापाला दोन सूत लाकूड खाऊन त्याचा भुसा करी. म्हणजे सव्वा इंचाची, दहा सुती फळी हवी असेल तर पातं बारा सूत खाली घ्यायचं. तीस वर्षं आबा प्रत्येक कापाआधी ओठांतल्या ओठांत म्हणत आले होते, "दहा नि दोन, बारा." त्यावर त्यांचा हात चाले. हे दोन सूत घरातही शिरले होते. सासूबाई नातीचा फ्रॉक बेतताना कापड जरा जास्त धरत आणि म्हणत, "दोन सूत भुशाचे." नऊला कुठे पोचायचं असलं तर नवरा आठलाच जोडे घाली, मधला तास भुशाचा.

"अर्धंच सूत खातं म्हणे," आबा सुनेची वही लांब धरून वाचत म्हणाले होते. "लाकूड कापतं की नुसतं गुदगुल्या करतं?"

पण मशीन आलं, आबांनी हात धुतले आणि विरोध तिथेच संपला.

पहिलं मोठं काम आलं ते शाळेचं. शाळेच्या अंगणातलं जुनं झाड वाऱ्याने पडलं होतं. त्याच्या जातीचं नाव कोणालाच खात्रीने सांगता येईना. मुलं पिढ्यानपिढ्या त्याला 'मोठं झाड' एवढंच म्हणत आली होती. मुख्याध्यापिकेला, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाईंना, त्याचं जळण होऊ द्यायचं नव्हतं. सहा वर्ग, प्रत्येक वर्गाबाहेर एक बाक, एका बाकाला दोन फळ्या, असं त्यांनी सुताराला सांगून ठेवलं होतं. सुतार आबांच्या वयाचा, आबांचा जुना दोस्त आणि त्याहून जुना टीकाकार.

झाड बघायला सगळे गेले तेव्हा सूनही लेकीला कडेवर घेऊन गेली होती. आबांनी खोडाला टेप लावली, हातोडीने ठोकून आवाज ऐकला. वरचा भाग पोकळ निघाला. बुंध्याकडचा तेवढा निरोगी होता.

"साल, कडा सगळं उतरवून पावणेसोळा इंचांचा चौकोनी ठोकळा निघेल," आबा म्हणाले. "सव्वा इंची फळ्या दहा."

"दहा म्हणजे पाचच बाकं," मोठ्या बाई म्हणाल्या. "कोणत्या वर्गाला सांगू, की बाळांनो, तुम्ही उभे राहा?"

"एक बाक दुसऱ्या लाकडाचं ठोकून देतो की," सुतार म्हणाला.

"दुसऱ्या लाकडाचं दुकानातही मिळतं हो."

बाईंचा चेहरा उतरलेला पाहून सुनेला राहवलं नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, "बारा निघतील."

सगळ्यांच्या माना वळल्या. आबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कुठून?"

"भुशातून, आबा. नवं मशीन अर्धं सूतच खातं ना."

सुतार खो-खो हसला. "दोनसूत, नशीब काढलंस बाबा! भुशातून फळ्या काढणारी सून मिळाली."

बाईंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे वहीत बारा लिहिलं आणि खाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगूनही टाकलं, की सहाही वर्गांना आपल्या झाडाचं बाक मिळणार.

परतताना आबा जीपमध्ये बोटांवर सूत मोजत होते. घर आल्यावर उतरता उतरता म्हणाले, "बारा नाही निघाल्या तर त्या पोरांना तूच सांगायचं हं." रागाने नाही म्हणाले, पण म्हणाले.

तिने हिशेब सात वेळा मांडला. बारा फळ्यांचे एकशेवीस सूत. मधले अकरा काप, प्रत्येकी अर्धं, म्हणजे साडेपाच. ठोकळा पावणेसोळा इंच म्हणजे एकशे सव्वीस सूत. सगळं जाऊन उरतं अर्धं सूत! निघत होत्या, बाराच्या बारा निघत होत्या. पण भुशाचं म्हणून बाजूला काढायला काही राहत नव्हतं. आठव्यांदा मांडायला ती बसली तेव्हा नवऱ्याने वही काढून घेतली आणि तिच्यावर पोरीचं खेळणं ठेवलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मशीन शाळेच्या अंगणात शिरलं. तो थाट बघण्यासारखा होता. नारिंगी डोकं उन्हात चकाकत होतं आणि आबा जीपपुढे चालत "जरा बाजूला, जरा बाजूला" करत होते, जरी बाजूला करण्यासारखं कोणीच समोर नव्हतं. उभं करायला अठरा मिनिटं लागली. हे सगळ्यांना कळलं, कारण आबांनी तीनदा मोठ्याने घड्याळ वाचलं.

"जुनं असतं तर अजून आपण नटच शोधत असतो," नवरा म्हणाला.

"तू शोधत असतास. मी चहा पीत असतो."

सासूबाई नातीला घेऊन पलीकडच्या वर्गाच्या पायऱ्यांवर बसल्या. मशीनपासून ती पायरी किती पावलांवर आहे हे सुनेने आल्या आल्या मोजलं होतं. बावन्न. तरी दर थोड्या वेळाने ती मान वळवून पाहत होती, पोरगी पायरीवर आहे ना.

दोन तासांत चारही बाजूंची सालपटं उतरली आणि आतून लालसर, घट्ट, सरळ रेषांचा ठोकळा बाहेर आला. सुनेने टेप लावली. पावणेसोळा इंच, ना एक केस वर ना खाली.

"साल अंगावर असतानाच सांगितलं होतं तुम्ही," ती म्हणाली.

"मग? तीस वर्षं काय माशा मारल्या?" आबा म्हणाले, पण मान अशी ताठ झाली की टोपी मागे सरकली.

आता खऱ्या फळ्या. तिने रात्री ठळक अक्षरांत लिहिलेला कागद हँडलच्या वर चिकटवून ठेवला होता. पट्टा खाली-वर करायला एक हँडल होतं. त्याच्या एका फेऱ्याला पट्टा एक सूत उतरे आणि फेऱ्यात दहा खटके वाजत. कागदावर होतं, 'दर कापाला साडेदहा. फेरे दहा, खटके पाच.' आबांनी कागदाकडे पाहून मान डोलावली. मग हँडल फिरवलं, लिव्हर धरली आणि डोकं रुळांवरून पुढे ढकललं.

किंचाळी नाही, काही नाही. मोठी माशी काचेवर गुणगुणावी तसा आवाज, आणि मागे भुशाची एक बारीक धार. मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "एवढंच?" जणू गंमत सुरू व्हायच्या आधी संपली. फळी सुटी झाली, आबांनी लिव्हर सोडली, आणि पट्टा तीन आकडे मोजून होईपर्यंत पूर्ण थांबला. हे तीन आकडे सून प्रत्येक वेळी मनात मोजत होती.

सुताराने फळीवरून तळवा फिरवला. "अरेच्चा! तुझ्या जुन्या राक्षसाची फळी म्हणजे नांगरलेलं शेत असायची. इथे माझ्या रंध्याला कामच ठेवलं नाहीस, दोनसूत."

"बस घरी," आबा म्हणाले. सगळे हसले. आबा तर असे खुलले होते की जणू मशीन त्यांनीच जन्माला घातलं होतं.

फळी उचलून नेण्याचं काम नवऱ्याचं आणि हिचं. तिने एक टोक धरलं आणि ते तिला जड लागलं. वजनाचं काय, ओलं लाकूड जडच असतं. पण बघितल्याशिवाय राहील ती ही कसली? लाकडी घोडीवर फळी ठेवता ठेवता तिने कडेला टेप लावली. एकदा पाहिलं. टेप पुसून पुन्हा पाहिलं.

साडेअकरा सूत.

दहा हवे होते. दीड सूत जास्त. आणि त्याच क्षणी तिने मान वर केली तर आबा दुसऱ्या कापासाठी हँडल फिरवत होते, डोळे ओंडक्यावर, आणि ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. तिला ऐकायची गरजही नव्हती. दहा नि दोन, बारा. कागद डोळ्यांसमोर होता, मान डोलावली होती, सगळं समजलंही होतं. पण हात तीस वर्षं ज्याचं ऐकत आला त्याचंच ऐकत होता.

आबांनी लिव्हर धरली. पट्टा गुणगुणू लागला. डोकं सरकलं. पट्टा ओंडक्याच्या तोंडापासून हातभर लांब.

ओरडावं तर इतके लोक. मोठ्या बाई, सुतार, कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावणारे शेजारी. ज्या दिवशी हा माणूस नव्या नवरदेवासारखा मिरवतोय त्याच दिवशी, चारचौघांत, सुनेने म्हणायचं की आबा, तुमचं चुकलं? आणि न म्हणावं तर हा दुसरा काप गेला की बारावी फळी गेलीच. सहावा वर्ग उभा.

त्यांच्या धंद्यात एक नियम होता. कोणीही मूठ वर केली की मशीन बंद. कारण विचारायचं ते पातं थांबल्यावर. मूठ फक्त जिवाच्या धोक्याला. इतर कशाला वर केली तर आबा बोलून बोलून कान किटवत. या घरात आल्यापासून तिने ती कधीच वर केली नव्हती.

तिने मूठ वर केली.

आबांचा हात लिव्हरवरून झटकन निघाला. एक, दोन, तीन. पट्टा ओंडक्यापासून चार बोटांवर थांबला. आबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी आधी मुलाचे हात पाहिले, मग पायरीकडे नातीला पाहिलं, मग हिच्याकडे. "कोणाला लागलं?"

"कोणाला नाही." ती धावत त्यांच्यापाशी गेली आणि अगदी हळू म्हणाली, "आबा, फळी साडेअकरा आली. तुम्ही दहा नि दोन केलं."

आबा हँडलकडे पाहत राहिले. मग कागदाकडे. तिला वाटलं, आता मुठीवरून ऐकावं लागणार. ऐकू. पट्टा तरी बाहेर आहे.

"काय झालं रे?" सुतार लांबून ओरडला. "मशीन बिघडलं का पहिल्याच दिवशी?"

सुनेने पटकन म्हटलं, "पाणी घालायचं होतं, पट्ट्याच्या टाकीत—"

"पाणीबिणी काही नाही," आबा तिला मध्येच तोडत म्हणाले, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलले. "मशीन सोन्यासारखं आहे. मी चुकलो. भुशाचे दोन सूत धरून बसलो. तीस वर्षांची सवय, तिला कोण सांगणार मशीन बदललंय म्हणून? हिने पाहिलं म्हणून एकावरच निभावलं."

मोठ्या बाई पुढे आल्या. "म्हणजे आता बारा...?"

सगळे सुनेकडे बघू लागले. बारा हा तिचा आकडा होता.

तिने सालपटाच्या आतल्या गोऱ्या बाजूवर पेन्सिलने मांडलं. एकशे सव्वीसातून बारा गेले, उरले एकशे चौदा. अकरा फळ्यांचे एकशेदहा, मधल्या दहा कापांचे पाच. एकशे पंधरा लागतात. एक सूत कमी. फक्त एक सूत. पण लाकूड मागे चिकटवता येत नाही.

"शेवटची नऊ सुती येईल," नवरा म्हणाला.

"जोडीची फळी दहा आणि ही नऊ? तासून आठावर जाईल," सुतार म्हणाला. "त्या बाकावर बसलेलं पोर एका अंगाला कलायचं."

ती जमिनीकडे पाहत होती. मग घोडीवरच्या फळीकडे गेली आणि तिच्यावर हात फिरवला. गुळगुळीत. थंड, ओलसर आणि गुळगुळीत.

"काका," तिने सुताराला विचारलं, "दहा सुतांतून तुम्ही रंध्याने किती काढणार होतात?"

"एक सूत. तयार फळी नऊची."

"पण एक सूत काढायचं ते नांगरलेल्या शेतातून. यातून किती काढाल?"

सुताराने पुन्हा तळवा फिरवला. या वेळी हसला नाही. डोळा फळीच्या रेषेत आणून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. "अर्धं. अर्धंही लागणार नाही."

"मग कमी पडणारं एक सूत एकाच फळीवर कशाला टाकायचं? सगळ्यांत वाटून टाकू. प्रत्येक फळी एक खटका कमी. सुताचा दहावा भाग. चालेल तुम्हाला?"

"एक खटका?" सुतार म्हणाला. "पोरी, एवढं तर माझ्या रंध्याच्या दाताला अडकून राहतं. चालेल काय, पळेल."

"दहा फेरे, चार खटके," तिने कागदावरचा पाच खोडून चार केला आणि आबांसाठी बाजूला सरकली.

आबा जागचे हलले नाहीत. "मी लिव्हर धरतो. हँडल तू फिरव."

"मी?"

"माझी जीभ दहा नि दोनच म्हणणार आणि हात तिचंच ऐकणार. माझ्या हाताचा आज मलाच भरवसा नाही. तू मोज."

आजवर चालू मशीनच्या दहा पावलांच्या आत ती कधी उभी राहिली नव्हती. तिने पायरीकडे पाहिलं. पोरगी आजीच्या मांडीवर बसून बिस्किटाचा चुरा करत होती. आजीचा हात तिच्या पोटाभोवती पक्का होता. तिने घड्याळ काढून नवऱ्याच्या खिशात टाकलं, केस टोपीत कोंबले, चष्मा आणि हातमोजे चढवले.

"बघ, जमेल ना?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"वहीत सगळं आहे," ती म्हणाली. "तू टोक नीट धर."

पहिल्या कापाला तिने हँडल इतकं हळू फिरवलं की भिंतीवरचे शेजारी खाली उतरून परत चढले. दहा फेरे. एक, दोन, तीन, चार खटके. आबांनी लिव्हर धरली, गुणगुण सुरू झाली, आणि हँडलच्या दांड्यातून ती तिच्या कोपरापर्यंत चढली. लाकूड सुटलं. तिने मोजलं. दहाला एक खटका कमी. जशी हवी तशी.

चौथ्या फळीपर्यंत तिला घाम फुटला होता. सहाव्या फळीला लक्षात आलं, की बऱ्याच वेळात आपण पायरीकडे पाहिलंच नाही. चटकन पाहिलं. पोरगी तिथेच होती, पेंगत होती. आणि लगेच नजर हँडलवर आणली, हेही तिच्या लक्षात आलं.

आठव्या फळीपासून आबा लिव्हरजवळ उभे राहून बोलू लागले. आधी ओठांत, मग मोठ्याने. "दहा नि चार." ती फिरवायची, ते म्हणायचे. "दहा नि चार." भिंतीवरून कोणीतरी साथ धरली. मोठ्या बाई फळ्यांवर खडूने आकडे घालत होत्या आणि बाकागणिक जोडीने लावत होत्या, जणू मुलांची हजेरीच चाललीय.

अकरावी फळी उचलली तेव्हा मशीनवर एकच तुकडा उरला होता. त्याला आता काप नव्हता. जे काही राहिलं होतं तीच बारावी फळी. आबांनी मशीन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली.

"मोज," ते म्हणाले. स्वतः जवळ गेले नाहीत.

तिने एका टोकाला टेप लावली. मग मध्ये. मग दुसऱ्या टोकाला. सुतार तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याच्या श्वासाला चहाचा वास होता.

"दहा," ती म्हणाली. "पूर्ण दहा. सव्वा इंच."

मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, अगदी वर्गात वाजवतात तशा. नवऱ्याने फळी एकट्यानेच उचलली, आणि ती जड नाही असं दाखवत बाराव्या जागी नेऊन ठेवली.

"आबा, शब्द पाळलात हो," बाई म्हणाल्या.

"माझा कुठला शब्द?" आबा म्हणाले. "माझा शब्द दहाचा होता. आणि नव्या मशीनवर बसून मी त्या बाराच्या अकरा करून ठेवल्या होत्या. शब्द तिचा, मोजणी तिची, हँडल तिचं. मी आपला लिव्हर धरणारा." हे म्हणताना त्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली. तिने आबांना एवढं ताठ उभं राहिलेलं याआधी पाहिलं नव्हतं, सकाळी मशीनपुढे चालतानाही नाही.

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात सासूबाई पेंगुळलेली पोर घेऊन आल्या. तिने हातमोजे काढले आणि लेकीला घेतलं. पोरीने आईच्या गालावरचा भुसा बोटाने काढला, नीट निरखला आणि तोंडात घालायला निघाली. तो तिने हळूच झटकला.

सुतार अजून तिथेच घुटमळत होता. आबांकडे न बघता तो तिला म्हणाला, "माझ्या शेडमध्ये एक ओंडका आहे. अकरा वर्षं झाली. गाभा बघशील तर बघतच राहशील. घरच्या पलंगासाठी ठेवलाय. दोनसूतला कधी दिला नाही, अर्ध्याचा भुसा करेल म्हणून."

"ऐकतोय मी," आबा म्हणाले.

"ऐक की. तुझ्यासाठीच मोठ्याने बोलतोय." मग पुन्हा तिला, "उंची एकोणीस इंच भरते. दहा सुती किती निघतील?"

आबांनी सवयीने तोंड उघडलं, मग मिटलं आणि तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याने पाहिलं. मोठ्या बाईंनी हातातला खडू तसाच धरून पाहिलं.

आकडा तिच्या जिभेवर आलाच होता. चौदा. तिने तो जिभेवरच ठेवला. पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, खिशातली टेप चाचपली.

"आधी ओंडका दाखवा काका," ती म्हणाली. "बघितल्याशिवाय नाही सांगणार."

"चला तर मग," सुतार म्हणाला आणि पुढे निघाला. तिच्यामागे आबा निघाले, जीपची किल्ली बोटाभोवती फिरवत.